आईचे दूध : कर्तव्य कोणाचे?



रायगडाच्या हिरकणीची कथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. मराठी मुलखापासून दूर, इंदूर-बडोद्याला, हैदराबादला वा एखाद्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मुलांनाही ती आजीच्या तोंडून कधी ना कधी कळलेली असते. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत राहिलेले तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून त्याच्यापाशी पोहोचलेली आई. परंपरा असे सांगते की, महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. या कथेत इतिहास किती व लोककल्पना किती, याचा निवाडा आपल्याला येथे करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिरकणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कडा उभा राहतो, बंद दरवाजा उभा राहत नाही. तिच्या धैर्याचे कौतुक करताना, बाळाला दूध पाजण्यासाठी आईला प्राण पणाला लावावे लागणे उचित आहे काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

गडाचे दरवाजे शत्रूच्या भयाने बंद होत. त्या नियमाला कारण होते. आजच्या आईपुढे कचेरीचे, कारखान्याचे, रुग्णालयाचे, कधी तिच्या स्वतःच्या घराचे आणि कधी उपासनामंदिराचेही दरवाजे बंद होतात, त्यांना कोणते कारण आहे? आणि बाळाला आईचे दूध मिळाले नाही, तर उत्तर कोणी द्यायचे? या प्रश्नाचा आपण आज शांतपणे विचार करू या.

तर्क सरळ, पण अपुरा

आईच्या दुधाचे महत्त्व आता कोणी नाकारीत नाही. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले सहा महिने त्याला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीदेखील देऊ नये, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक थोडाच असतो. पण त्यातच रोगांशी झुंजण्याचे बळ असते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत असा अंदाज मांडला होता की, जगात जवळजवळ सर्व बाळांना योग्य प्रकारे आईचे दूध मिळू लागले, तर पाच वर्षांखालील सुमारे ८ लाख २३ हजार मुलांचे मृत्यू दरवर्षी टळू शकतील.

येथून एक तर्क सहज निघतो. जे बाळाच्या हिताचे, ते करणे कर्तव्य होय. दूध आईच्याच अंगी असते. म्हणून हे कर्तव्य आईचे. आणि जिला ते जमले नाही, ती कर्तव्याला चुकली. वरवर पाहता या साखळीत कोठे खोट दिसत नाही. परंतु नीतीचा एक जुना आणि साधा नियम आहे. जी गोष्ट करणे माणसाच्या हाती नाही, ती त्याचे कर्तव्य म्हणून त्याच्या माथी मारता येत नाही. तेव्हा अगोदर विचारावयास हवे ते हे की, अंगावर पाजणे ही गोष्ट खरोखर एकट्या आईच्या हाती आहे काय?

पान्हा एकटीच्या इच्छेने फुटत नाही

दूध कसे येते ते पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो. त्यातून दोन संप्रेरके स्रवतात. एक दूध तयार करते आणि दुसरे ते बाहेर सोडते. जितके बाळ ओढते, तितके दूध तयार होते. परंतु हे दुसरे संप्रेरक फार नाजूक असते. वेदना, भीती, चिंता, अपमान यांनी त्याचा प्रवाह अडतो. आपल्या भाषेत यासाठी ‘पान्हा’ असा सुंदर शब्द आहे. गोठ्यात परका माणूस आला की गाय पान्हा चोरते, हे शेतकऱ्याला पुरते ठाऊक असते. म्हणून धार काढताना तो गाईला गोंजारतो, आवाज चढवीत नाही. आणि त्याच शेतकऱ्याच्या घरात, तीन दिवसांच्या बाळंतिणीला चारचौघींसमोर “तुला दूधच नाही” असे ऐकावे लागते! गाईच्या वाट्याला आलेला समंजसपणा सुनेच्या वाट्याला का येऊ नये?

शिवाय पाजणे हे निसर्गदत्त असले, तरी ते शिकावे लागते. बाळाने नुसते बोंड न धरता त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घ्यावा लागतो. तसे झाले नाही तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते. बाळ नवे असते आणि पहिलटकरीण आईही नवी असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. प्रत्येक रडणे भुकेचेच असते असे नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा वेळा किंवा अधिक लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. एवढ्याच गोष्टी कोणी तिच्याजवळ बसून सांगितल्या, तर किती बाटल्या फडताळातच राहतील! त्या कोणी सांगत नाही. बाळ रडते, घर घाबरते, पावडरचा डबा येतो. पोट भरलेले बाळ छातीला कमी लागते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते, आणि मग “आम्ही म्हणतच होतो” असे म्हणायला सारे मोकळे होतात. ज्या अपयशाचा दोष आईला दिला जातो, ते बहुधा असे सर्वांनी मिळून घडविलेले असते.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातील ७८.९ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. परंतु जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून जेमतेम ४१.८ टक्के झाले. बाळंतीण रुग्णालयापर्यंत पोहोचली. बाळ मात्र वेळेत तिच्या छातीपर्यंत पोहोचले नाही. त्या तासात आई प्रसूतीच्या खाटेवर पडलेली असते. बाळ उचलून तिच्या कुशीत देणारे हात दुसऱ्याचेच असतात. सांगा, या तासाचे उत्तर तिच्याकडून कसे मागता येईल?

याच दोन सर्वेक्षणांत एक आशादायक गोष्टही आहे. सहा महिन्यांखालील बाळांपैकी केवळ आईच्या दुधावर असणाऱ्यांचे प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. मदत आणि माहिती मिळाली की आया मागे राहत नाहीत, असेच यावरून म्हणता येईल.

पूर्वीच्या बायकांचे काय?

येथे कोणी म्हणेल, “आमच्या आज्यांनी आठ-आठ मुले अंगावर पाजली, त्यांना कोण शिकवायला आले होते?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु त्या आज्यांभोवती कोण कोण होते, तेही आठवावे. पहिले बाळंतपण माहेरी होई. सुईण रोज येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घाली. शेकशेगडी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि सव्वा महिन्याची विश्रांती, हे सारे तिच्या हक्काचे होते. गरीब घरी खीर नसेल, पण बाळ कसे धरावे हे दाखवणारी एखादी जाऊ वा शेजारीण नक्की असे. त्या परंपरेत चुकीच्या समजुतीही होत्या. चीक पिळून टाकून देणे, बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवणे, यांनी अनेक बाळांचे नुकसान झाले. आज ज्ञान वाढले, समजुती सुधारल्या; परंतु माणसे पांगली. नोकरीसाठी परप्रांती गेलेल्या जोडप्याच्या दोन खोल्यांत बाळ जन्मते तेव्हा माहेर आठशे मैलांवर असते, शेजारणीची भाषा निराळी असते आणि नवऱ्याला पितृत्वाची रजा नसते. पूर्वी जे काम दहाजणी वाटून घेत, ते आज एकटीवर पडले आहे, आणि तरीही आपण तिची तुलना त्या दहाजणींशी करतो.

शास्त्रवचनांतील तीन घरे

पवित्र शास्त्रात अंगावर पाजणाऱ्या मातांचे उल्लेख अनेक आहेत. त्यांपैकी तीन प्रसंग आपल्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिला एलकाना आणि हन्ना यांचा. नवसाने झालेला शमुवेल अंगावर पीत असताना वार्षिक यज्ञासाठी शिलोला जाण्याची वेळ आली. बाळाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे हन्नाने सांगितले आणि एलकानाने ते मान्य केले. तो धर्मनिष्ठ पुरुष होता. तरीही पत्नीला घरी राहू देण्यात त्याला अधर्म वाटला नाही. बाळाला पाजणे हे देवाच्या सेवेच्या आड येत नाही, हे त्याने ओळखले होते.

दुसरा प्रसंग नामीचा. रूथला मुलगा झाला तेव्हा वृद्ध नामीने त्याला उराशी धरले आणि ती त्याची दाई झाली. सासूने सुनेचे बाळ सांभाळले, आणि शेजारणींनी त्या बाळाचे नाव ठेवले. मूल एका स्त्रीच्या उदरी जन्मले. परंतु त्याला वाढवायला घर आणि गल्ली दोन्ही पुढे आली.

तिसरा प्रसंग सर्वांत विलक्षण आहे. मोशेला नदीतून बाहेर काढल्यावर फारोच्या कन्येने त्याच्यासाठी दाई शोधली. बाळाच्या बहिणीने चातुर्याने त्याच्या आईलाच आणून उभे केले. राजकन्येने तिला बाळ पाजायला दिले आणि त्याची मजुरी देऊ केली. स्वतःच्याच बाळाला पाजण्याचे वेतन मिळालेली अशी माता शास्त्रात दुसरी नसेल. फारोच्या कन्येला ती बाळाची आई आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून तिने मजुरी दिली. आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण देत नाही. काम तेच, कष्ट तेच. केवळ प्रेमाने केले म्हणून ते श्रमांच्या हिशेबातून गळून पडते. हा न्याय म्हणावा काय?

श्रमाचा हिशेब

हिशेबच करावयाचा तर करून पाहू. नवजात बाळाला दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. एका वेळेला वीस ते तीस मिनिटे धरली, तरी रोजचे सुमारे तीन ते सहा तास होतात. सरासरी चार तास धरले, तर सहा महिन्यांत ७२० तास. म्हणजे आठ तासांच्या कामाचे नव्वद दिवस. त्यातले कित्येक तास मध्यरात्रीचे. या काळात तिला रोज सुमारे ५०० ते ६०० किलोकॅलरी इतके अधिक अन्न लागते. आईचे दूध फुकट असते, असे आपण म्हणतो. ते फुकट नसते. त्याची किंमत कोणीतरी भरीत असते, आणि ती बहुधा एकटी आई भरते.

कायद्याने हे काही अंशी ओळखले आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने, कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी अवकाश दिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या गेल्या. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाच्या गरजेशी कायद्याने माप जुळवले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु हे माप कोणाला लागू पडते? ऊसतोडीला गेलेल्या बाईला नाही. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या मजूर स्त्रीला नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये ठरले. सहा महिन्यांवर ही रक्कम पसरली, तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. त्या आधारावर मजुरी सोडून घरी बसून बाळाला पाजावे, असा उपदेश त्या आईला कोणत्या तोंडाने करावा?

आणि जेथे अधिकार आहे तेथेही स्थिती समाधानकारक असतेच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या विधानसभा अधिवेशनाला आल्या, तेव्हा त्यांचे कौतुक झाले. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांच्यासाठी ठेवलेल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांनाच तक्रार करावी लागली. कक्षाला हिरकणीचे नाव देणे सोपे असते. त्यातली धूळ झाडणे हे खरे काम असते. कायदे करणाऱ्या सभागृहात असे घडते, तर एस.टी. स्थानकावरच्या आईने काय अपेक्षा करावी?

बाजार आणि दान

आईच्या अडचणीत बाजाराने संधी पाहिली. गुटगुटीत बाळांच्या चित्रांनी सजलेल्या डब्यांनी जगभर मातांच्या मनात आपल्याच दुधाविषयी शंका पेरली. तिला आळा घालण्यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने पर्यायी दुधाच्या विक्रीविषयी आचारसंहिता संमत केली. ११८ राष्ट्रांनी तिला अनुमोदन दिले. विरोधात केवळ अमेरिकेचे एक मत पडले. आपल्या देशाने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. बाळाच्या पर्यायी दुधाची व बाटल्यांची जाहिरात करणे त्यामुळे गुन्हा ठरले. हे आवश्यकच होते. मात्र जाहिरात थांबल्याने आईला मदत मिळते असे नाही. शंका पेरणारा गप्प झाला, तरी धीर देणारा कोणीतरी बोलावा लागतो.

असे धीर देणारे कसे उभे राहिले, त्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ख्रिस्ती कुटुंबांच्या एका सहलीत दोन माता झाडाखाली बसून बाळांना पाजीत होत्या. तेव्हा तेथे बाटलीचे दूध हीच रूढी झाली होती. इतर आया त्यांच्याभोवती जमल्या आणि आपापल्या अडचणी सांगू लागल्या. त्यातून सात कॅथलिक गृहिणींनी एकत्र येऊन ‘ला लेचे लीग’ ही संस्था स्थापन केली. फ्लॉरिडातील एका मरियामंदिराच्या नावावरून त्यांनी संस्थेचे नाव घेतले. पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. मूळ कार्यपद्धती मात्र साधीच होती. अनुभवी आईने नव्या आईशेजारी बसावे, ऐकून घ्यावे आणि दाखवावे.

आपल्याकडे १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांची, अत्यल्प वजनाची बाळे आणि ज्यांच्या मातांना दूध येऊ शकत नाही अशी बाळे तेथे दुसऱ्या मातांच्या दुधावर वाचू लागली. दान देणाऱ्या मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि मग गोठवून साठवले जाते. पुढे २०१३ मध्ये उदयपूरला, २०१७ मध्ये दिल्लीला अशा पेढ्या सुरू झाल्या. १९९१ च्या डिसेंबरात वर्धा येथे स्तनपानाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय पातळीवरची संघटना स्थापन झाली, हेही मराठी वाचकांना अभिमानास्पद वाटावे.

२०२४ च्या मे महिन्यात देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट केले की, आईचे दूध विकता येणार नाही. हा निर्णय योग्य वाटतो. दूध विकाऊ झाले, तर गरीब आईचे बाळ उपाशी ठेवून श्रीमंताचे बाळ पोसले जाण्याचे भय आहे. परंतु येथे एक भेद नीट समजून घ्यावा. दूध विकाऊ नाही, याचा अर्थ आईच्या वेळेला मोल नाही असा होत नाही. दान हे स्वेच्छेने व्हावे. आणि स्वेच्छा तेथेच असते, जेथे दात्याचे स्वतःचे पोट भरलेले असते.

जिला जमले नाही, तिच्याविषयी

वाचकहो, हा लेख वाचणाऱ्यांत अशाही माता असतील की, ज्यांनी सारे प्रयत्न केले आणि तरी त्यांना पाजता आले नाही. कोणाला आजार होता, कोणाचे औषध आड आले, कोणाचे बाळ काचेच्या पेटीत होते, कोणी दत्तक मुलाची आई झाली, कोणी पोटासाठी चाळिसाव्या दिवशी कामावर गेली. त्यांच्यापुढे आईच्या दुधाचे गुण गाणे म्हणजे कित्येकदा जखमेवर मीठ चोळणे होते. मग सत्य सांगूच नये काय? सत्य सांगावे, ज्याच्या हाती बदल करणे आहे त्याला सांगावे. मालकाला, डॉक्टरला, सासूला, पतीला सांगावे. जिच्या हातून वेळ निघून गेली आहे, तिला ते पुन्हा ऐकवण्याने कोणत्या बाळाचे पोट भरणार?

संभाजीराजे तान्हे असताना सईबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने त्यांना आपले दूध पाजले, हे आपण इतिहासात वाचतो. त्यामुळे सईबाईंचे मातृत्व उणे झाले असे कोणी म्हटले नाही. धाराऊचा मात्र आदर झाला. दोन्ही स्त्रियांना मान देता येतो, हे त्या काळालाही कळत होते.

यशया संदेष्ट्याने देवाच्या ममतेची तुलना अंगावर पाजणाऱ्या आईशी केली. परंतु तो तेथेच थांबला नाही. अशी आईदेखील एखादे वेळी विसरेल, पण देव विसरणार नाही, असा त्याचा आशय आहे. आई ही देव नव्हे, हे शास्त्राने मान्य केले आहे. तिला थकण्याची, कमी पडण्याची मुभा आहे. आपण तिला देवाच्या स्थानी बसवून तिच्याकडून देवाइतक्या सामर्थ्याची अपेक्षा करतो, तेव्हा तो तिचा सन्मान नसून तिच्यावरचा जुलूम असतो.

उत्तराकडे

मग कर्तव्य कोणाचे? माझे उत्तर असे आहे. बाळावर प्रेम करणे आणि आपल्या परीने प्रयत्न करणे हे आईकडे राहते. ते तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. परंतु ते शक्य व्हावे अशी परिस्थिती निर्माण करणे हे तिच्याभोवतीच्या सर्वांचे कर्तव्य आहे, आणि ते आईच्या कर्तव्याच्या आधी येते. आधी दरवाजा उघडावा, मग आत-बाहेर जाण्याविषयी बोलावे.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून चार गोष्टी सुचवितो. पतीने रात्रीचे एक उठणे आपल्याकडे घ्यावे. दूध पाजता आले नाही तरी बाळाला ढेकर काढता येतो, लंगोट बदलता येतो. महिला मंडळांनी बाळंतिणीला भेटायला जाताना झबले-टोपड्याबरोबर एक वेळचे शिजवलेले अन्न न्यावे आणि सल्ला देण्यापूर्वी तिची विचारपूस करावी. मंडळीत व धर्मग्रामात उपासनेच्या वेळी पाजणाऱ्या मातेला व्हरांड्यात, चपलांशेजारी बसावे लागू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या विधीच्या वेळी, बाळे भुकेली असतील तर मातांनी तेथेच निःसंकोच पाजावे, असे सांगितले होते. मायकेल अँजेलोच्या चित्रांखाली जे अपवित्र ठरले नाही, ते आपल्या पत्र्याच्या छपराखाली कसे ठरेल?

आणि चौथी गोष्ट, जी कदाचित सर्वांत अवघड आहे. आपल्या घरी काम करणारी बाई बाळंत होईल, तेव्हा तिला किती महिन्यांचा पगार घरी बसून मिळेल, हे आपण आजच ठरवावे. कायदा तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही. आपण पोहोचू शकतो. चार घरांनी मिळून भार वाटून घेतला, तर तो कोणालाच जड होणार नाही. आपल्या मुलाला सहा महिने आईचे दूध मिळावे म्हणून जी बाई आपले घर सांभाळते, तिचेही बाळ कोठेतरी वाट पाहत असते. त्या बाळापुढचा दरवाजा कोणाच्या हाती आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या खर्चाची वही उघडून करावा.